"प्रत्येकाने एक सदस्य आणाच" हा फतवा आता बास करा

जुना खजिनदार
काल आमच्या रोटरी क्लबच्या ग्रुपवर अध्यक्षांचा मेसेज आला. "30 जूनच्या आत प्रत्येकाने किमान एक नवीन सदस्य आणायचाच आहे, ज्यांनी आणला नाही त्यांची नावं पुढच्या मीटिंगला वाचून दाखवली जातील." डोकंच फिरलं. ग्रुपवर उत्तर दिलं असतं तर भांडण झालं असतं म्हणून इथे लिहितोय.

मी 14 वर्षं सदस्य आहे, त्यातली पाच खजिनदार होतो. जून आला की मेहुणा, भाडेकरू, साडू, जो सापडेल त्याचा फॉर्म भरायचा, शर्टाला पिन लावायची, हार, फोटो, आकडा डिस्ट्रिक्टला, म्हणजे आमच्या वरच्या विभागाला, रवाना. 1 जुलैला क्लबचं नवीन वर्ष, नवीन अध्यक्ष, आणि वर्गणी मागत फिरायला मी. नवीन मंडळी फोन उचलत नाहीत. माझ्या मेहुण्याची सहामाही वर्गणी मी दोनदा स्वतःच्या खिशातून भरलीय, कारण त्याला आणणारा मीच. तो आला दोन मीटिंगला, दोन्ही वेळा जेवणाच्या वेळेला.

2021-22 मध्ये आपल्या कोलकात्याचे शेखर मेहता रोटरीचे जागतिक अध्यक्ष होते, त्यांनीही हेच सांगितलं होतं, प्रत्येकाने एक आणा, जगभरातल्या 12 लाखांचे 13 लाख करू. हेतू चांगलाच होता, मी स्वतः त्या वर्षी दोघांना आणलं. पण आकडा आजही 12 लाखांच्या आसपासच घुटमळतोय, आधीची वीस वर्षंही तिथेच होता. माणसं येतात हो, पण किती निघून गेली आणि का गेली हे कोणी विचारत नाही.

कृष्णाकाठ
खजिनदारसाहेब, तुमचं दुखणं वर्गणीचं आहे, ते सगळ्या मोहिमेच्या माथी का मारताय? मी 1988 पासून आहे यात. आमच्या शेजारच्या तालुक्यातला क्लब 34 वरून 11 वर आला, कारण "आम्हाला निवडक माणसं हवीत" म्हणत सहा वर्षं कोणाला विचारलंच नाही. त्या अकरातले दोघं मुलांकडे पुण्याला गेले, एकाची बायपास झाली. नवीन क्लब काढायचा म्हटलं तरी 20 जण लागतात, मग आहे तो मरू द्यायचा का?

मोतीबिंदूच्या शिबिराला पहाटे सतरंज्या टाकायला, म्हाताऱ्यांना हाताला धरून गाडीत बसवायला, संध्याकाळी डोळ्याला पट्टी बांधून आलेल्यांना घरी पोचवायला माणसं लागतात. पोलिओच्या बूथवर मी कित्येक रविवार काढलेत. बर्फाच्या डब्यातनं बाटली काढायची, लेबलावरचा चौकोन गडद झाला नाही ना ते बघायचं (झाला तर लस उष्णतेने खराब), दोन थेंब, मग डाव्या करंगळीच्या नखाला शाई. देशातली शेवटची केस 13 जानेवारी 2011 ची, हावड्याची छोटी मुलगी. 27 मार्च 2014 ला आपण पोलिओमुक्त जाहीर झालो. हे दहा-बारा निवडक लोकांनी केलं का? मला 1988 ला कोणीतरी विचारलं म्हणून मी त्या बूथवर होतो.

विमावाला
काकांशी सहमत. आणि एक बोलायचंच आहे. मी विमा एजंट आहे म्हणून माझा अर्ज एका क्लबने आठ महिने लटकवला, "हा पॉलिसी विकायला येतोय" असं माझ्या मागे बोलले. अहो 1905 ला शिकागोत पहिली बैठक झाली ती वकील, कोळशाचा व्यापारी, खाण इंजिनियर आणि शिंपी अशा चौघांची, आणि सुरुवातीला एकमेकांना धंदा देणं हा उघड भाग होता. गेल्या वर्षी रक्तदान शिबिरात 61 बाटल्या झाल्या, त्यातले वीस-बावीस दाते माझे पॉलिसीवाले होते. लोकांच्या घरी जाणारा माणूस तुम्हाला नको, मग सदस्य आणायचे कुठून?

डॉक्टरबाई
वरचे तिन्ही प्रतिसाद वाचले. मेहुणा, साडू, भाडेकरू. तुम्ही सगळे पुरुष पुरुषांनाच विचारताय हे तुमच्या लक्षात तरी येतं का?

माझ्या नवऱ्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. त्याला क्लबने तीनदा विचारलं, त्याला आवड नाही, शेवटी लाजेकाजेस्तव झाला सदस्य. मी स्त्रीरोगतज्ज्ञ. त्याच क्लबसाठी सहा वर्षं मुलींच्या शाळेत हिमोग्लोबिन तपासतेय, फुकट. मागच्या डिसेंबरात नववीतली एक मुलगी 6.8, म्हणजे फारच कमी, निघाली, शिंगणापूरला चालत जाऊन आली होती आणि धाप लागते हे घरात कोणाला सांगितलं नव्हतं. तिला अ‍ॅडमिट करायला मीच गेले. आणि बॅनरवर माझं नाव काय, तर नवऱ्याच्या नावामागे "सौ." आणि खाली "अ‍ॅन", म्हणजे सदस्याची बायको. डॉक्टर हा शब्दसुद्धा नाही. सहा वर्षांत एकानेही विचारलं नाही की मॅडम, तुम्ही सदस्य होता का. बायकांना सदस्य करायचा नियम 1989 ला झालाय, तोही अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 1987 ला दणका दिल्यावर.

कृष्णाकाठ
मॅडम, रागावू नका, पण अ‍ॅन हे प्रेमानं म्हणतात. 1914 च्या ह्यूस्टन अधिवेशनाला जाताना रेल्वेत एका सदस्याच्या बायकोचं नाव अ‍ॅन होतं, त्यावरून पडलं ते. अपमानाचा हेतू कोणाचाच नव्हता. आमच्या घरच्या बायका इनरव्हीलमध्ये, म्हणजे बायकांच्या वेगळ्या क्लबात, आहेत, त्यांची स्वतंत्र कामं आहेत, त्या आनंदात आहेत. चाळीस वर्षं कोणाची तक्रार आली नाही.

डॉक्टरबाई
तक्रार कोणाकडे करायची काका? तुमच्याकडेच ना? घरी विचारा एकदा, अगदी सरळ. त्या अमेरिकन बाईचं नाव मी माझ्या डिग्रीच्या जागी का लावून घेऊ?

विमावाला
मॅडमचं बरोबर आहे, पण धागा सदस्य आणण्याचा आहे, त्यावर बोलूया का.

डॉक्टरबाई
मी त्यावरच बोलतेय! अर्धं गाव तुम्ही मोजतच नाही आणि मग माणसं मिळत नाहीत म्हणून मेहुणे भरती करता.

रोट्रॅक्टवाला पोरगा
मी कॉलेजात रोट्रॅक्टला, म्हणजे रोटरीच्या तरुणांच्या क्लबात, होतो, दोन वर्षं सेक्रेटरी. झाडं लावली, पुराच्या वेळी सांगलीत गाळ काढला, मोठ्या क्लबचे काका फोटोला यायचे. कॉलेज संपलं, एकाचाही फोन नाही. मग तीन वर्षांनी फोन आला तो जूनमध्येच, "फॉर्म भर रे, एक कमी पडतोय." मीटिंग हॉटेलात रात्री साडेआठला, ताटाचे पैसे वेगळे, वर्गणी वेगळी. माझा पगार तेव्हा 14 हजार होता. मला काम करायचं होतं, ते जेवण परवडत नव्हतं. सरळ नाही म्हणायची लाज वाटली म्हणून फोन कट केला.

कृष्णाकाठ
जेवणावर घसरू नका रे. एकत्र बसून जेवल्याशिवाय माणसं जोडली जात नाहीत, आम्ही तसेच जोडलो गेलो. तुमच्या पिढीला सगळं फुकट आणि घरपोच पाहिजे.

रोट्रॅक्टवाला पोरगा
काका, गुडघाभर चिखलात चार दिवस उभा होतो मी. फुकट आणि घरपोच म्हणू नका.

कृष्णाकाठ
ते वाक्य मागे घेतो. चुकलं माझं.

आणि मॅडम, काल रात्री घरी विचारलं. सौभाग्यवती म्हणाल्या, "तुम्ही विचाराल म्हणून 31 वर्षं वाट बघितली, मग सोडून दिलं." त्या निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. जास्त काही लिहीत नाही. पण सदस्य आणायला सांगणं चूक आहे हे मला अजूनही पटलेलं नाही, विचारावंच लागतं माणसाला.

जुना खजिनदार
काका, विचारू नका असं मी म्हटलंच नव्हतं. नावं वाचून दाखवण्याला आणि जूनच्या भरतीला माझा विरोध आहे, तो कायम आहे. पण मॅडमचं वाचून मी जुनी यादी काढली. पाच वर्षांत मी नऊ जणांना सुचवलं, नऊच्या नऊ पुरुष, सात सोडून गेले. दर शिबिराला चिठ्ठ्या लिहायला बसणाऱ्या दोन शिक्षिका आणि औषधं मोजून देणारी फार्मासिस्ट मुलगी यांचं नाव एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही.

मॅडम, तुमच्या गावच्या क्लबचं मी सांगू शकत नाही, पण आमचा तुमच्यापासून लांब नसावा. फॉर्म पाठवू का?

डॉक्टरबाई
फॉर्म नंतर. वर्गणी किती, मीटिंग किती वाजता आणि ताट सक्तीचं आहे का ते आधी लिहा. आणि त्या फार्मासिस्ट मुलीला माझ्या आधी विचारा.

जुना खजिनदार
ताट सक्तीचं आहे. शुक्रवारच्या बोर्ड मीटिंगला ते काढायचा विषय मांडतो, दोघंतिघं विरोध करतील, त्यातले एक अध्यक्षच. मुलीला उद्या दुकानात जाऊन विचारतो.

विमावाला
माझ्या अर्जाचं पण कोणीतरी बघा.