मदत हवी आहे: १९७० ची मॉरिस मायनर ट्रॅव्हलर वेल्सहून घरी कशी आणू?

घाटवळण
मंडळी, घाईत लिहितोय. शुक्रवारपर्यंत होय-नाही कळवायचं आहे.

मी कॉव्हेंट्रीत राहतो. वेल्समध्ये अ‍ॅबरिस्टविथजवळ एका शेतावर १९७० ची मॉरिस मायनर ट्रॅव्हलर विकायला आहे. माहीत नसेल त्यांच्यासाठी: पुढून नेहमीची गोलमटोल मायनर, माणसांना दोनच दारं, आणि मागचा अर्धा भाग उघड्या लाकडी सांगाड्याचा, त्याला कपाटासारखी दोन दारं. अमेरिकन लोक हिला स्टेशन वॅगन म्हणतील, इंग्रज एस्टेट म्हणतात. आमची ही फोटो बघून म्हणाली, "कोणाच्या तरी वाड्याचा सज्जा चाकं लावून पळवलाय."

साताऱ्याला बाबांची अँबेसेडर होती. अँबेसेडर म्हणजे मुळात मॉरिस ऑक्सफर्ड, म्हणजे ही तिची धाकटी बहीण. बॉनेटचा फोटो बघितला आणि पावसाळ्यातल्या त्या ओल्या मॅटचा वास नाकात आला. आणखी कारण विचारू नका.

गाडी "कोरड्या शेडमध्ये" ६ वर्षं उभी आहे. इंजिन १०९८ सीसी, मालक म्हणतो थोड्या खटपटीने सुरू होईल. कागद आहेत. मागतोय ३,८०० पौंड.

लाकूड कसं तपासायचं? आणि १३० मैल आणायची कशी, चालवत, ओढत की ट्रेलरवर? माझ्या डिझेल गाडीला टोबार, म्हणजे मागे ट्रेलर अडकवायचा दांडा, आहे, पण त्यावर आजवर फक्त सायकली लटकवल्यात. लायसन्स २०१४ चं.

बारा_तेराचा_पाना
लाकूड शोभेचं नाही, हे आधी डोक्यात घ्या. अ‍ॅश लाकडाचा तो सांगाडाच मागचा भाग आणि छप्पर तोलून धरतो, मधले पत्रे नुसते अ‍ॅल्युमिनियमचे. सडलेल्या लाकडावर ही गाडी एमओटीत, म्हणजे इथल्या वार्षिक तपासणीत, नापास होते, जशी दुसरी गाडी गंजलेल्या चेसिसवर होते.

पाणी मुरतं ते सरकत्या काचांच्या खोबणीत, चाकाच्या कमानीवरच्या आडव्या पट्टीत आणि मागच्या खांबांच्या पायाशी. बारीक स्क्रूड्रायव्हर न्या, मालकाला विचारा आणि टोचा. धड लाकूड टणक लागतं. सडलेल्यात तो चहात बुडवलेल्या पार्ले-जीत जावा तसा जातो. सांध्यांवर काळे डाग असतील तर पाणी आत पोचलंय. आणि गडद व्हार्निशचा ताजा हात दिसला तर त्याखाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे असंच समजा.

मग खाली वाका. पुढचा क्रॉसमेंबर (चेसिसची आडवी तुळई), जॅक लावायच्या जागा, मागचे पाटे जिथे अडकतात ते हँगर, सगळं ठोकून बघा. पुढच्या चाकांचे खालचे ट्रनियन, म्हणजे चाक ज्यावर वळतं ते आट्यांचे सांधे, विसरू नका. त्यांचे आटे झिजले की चालत्या गाडीचं चाक आडवं होतं आणि गाडी नाकावर बसते. तिथे दर हजार मैलांना ग्रीस लागतं. ६ वर्षं उभ्या गाडीत ते सुकलेलंच असणार. ब्रेकचा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली चेसिसमध्ये आहे, तोही धड असण्याची आशा नको. थोडक्यात, चालवत आणायचं नाव काढू नका.

कागदी_घोडा
पानाजींशी सहमत, कागदाच्या बाजूनेही. ४० वर्षांवरच्या, फारसे फेरफार न केलेल्या गाडीला एमओटी माफ आणि रोड टॅक्स शून्य, हे खरं. पण शून्य असला तरी तो तुमच्या नावाने नव्याने घ्यावा लागतो, जुन्या मालकाचा गाडीबरोबर येत नाही. इतकी वर्षं उभी म्हणजे सॉर्न, म्हणजे रस्त्यावर नाही अशी सरकारदरबारी नोंद, असेल. सॉर्न गाडी रस्त्यावर आणता येते ती फक्त आधी वेळ घेतलेल्या तपासणीसाठी. ट्रेलरवर चढवलीत की ही भानगडच नाही.

ए-फ्रेमचाही, म्हणजे दांड्याने जोडून तिच्याच चाकांवर ओढण्याचाही, मोह नको. तशी ओढली की ती कायद्याने ट्रेलर ठरते, आणि ७५० किलोंच्या वरच्या ट्रेलरला चालणारे ब्रेक लागतात. मायनर त्याहून जड आहे.

लायसन्सची काळजी सोडा. १६ डिसेंबर २०२१ पासून साध्या कारच्या लायसन्सवर ३,५०० किलोंपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो, वेगळी परीक्षा नाही. तुमची गाडी किती ओढू शकते ते मात्र तिच्या प्लेटवर वाचा. आणि ट्रेलरच्या मागे तुमच्या गाडीचा नंबर लावा, मायनरचा नव्हे!

आगाऊ_कार्टं
बैलगाडीत घालून आणा. लाकूड लाकडाला ओळखेल.

घाटवळण
आगाऊ, बैल तू बघ. 😀

प्लेट वाचली. ब्रेकवाला ट्रेलर १,८०० किलोंपर्यंत. माझी गाडी रिकामी १,६५० भरते. पुरेल का?

एम६_वारकरी
ट्रॅव्हलर साडेआठशे धरा, दोन आसांचा ट्रेलर साडेपाचशे. झाले १,४००. नवशिक्याने आपल्या गाडीच्या ८५ टक्क्यांवर ओढू नये असं सांगतात. तुमचे ८५ टक्के १,४०२ होतात. म्हणजे बसतंय, पण डिकीत शेतावरचे बटाटे भरून आणू नका.

खरा जीव गाडी ट्रेलरवर कुठे उभी करता यात आहे. वजन किंचित पुढे हवं, टोबारवर दाब राहील इतकं. मागे गेलं की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो आणि मग तो तुम्हाला चालवतो. तसं झालंच तर ब्रेक दाबू नका, स्टिअरिंगशी झटापट नको, अ‍ॅक्सिलरेटर सोडा आणि सरळ राहा. मी हे एकदा अनुभवलंय, त्यानंतर तासभर सर्व्हिस स्टेशनात नुसता बसून होतो.

पट्टे टायरवरून टाका, चारही चाकांना. बंपरला नाही आणि लाकडाला तर मुळीच नाही. १०-१५ मैलांवर थांबून पुन्हा आवळा. मोटरवेवर ताशी ६० मैल, दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ५०, आणि तीन पदरी मोटरवेवर उजवी लेन तुमची नाही.

घाटवळण
रविवार रात्र. आणली!

"कोरडी शेड" म्हणजे तीन बाजूंनी शेड, चौथीकडून वेल्स. डाव्या मागच्या खांबाच्या पायाशी स्क्रूड्रायव्हर अर्धा इंच आत गेला. मी काही बोललो नाही, मालकही बोलला नाही. दोघंही त्या स्क्रूड्रायव्हरकडे बघत उभे. मग तोच म्हणाला, ३,१००. बाकी खांब टणक, क्रॉसमेंबर ठोकला तर खणखणीत.

मागचं उजवं चाक मात्र हलेना, ब्रेक ड्रमला चिकटलेला. मालकाने हातोड्याने ड्रमच्या कडेला गोल फिरत ठोकलं, सातव्या-आठव्या ठोक्याला आत 'टक्' झालं आणि गाडी सुटली. विंचने चढवली. पहिल्यांदा फारच मागे उभी केली होती, माझ्या गाडीचं बूड उचललं गेल्यासारखं दिसलं. वारकरीबुवा, तेव्हा तुमची शेपूट आठवली. फूटभर पुढे घेतली.

ए४४ वर उताराला ट्रेलर मागून ढकलतो तेव्हा पोटात काय होतं ते लिहिता येत नाही. चाळीसवर होतो. मागे अकरा गाड्यांची दिंडी. पहिली मोकळी जागा दिसताच बाजूला झालो, सगळ्यांना जाऊ दिलं आणि पट्टे बघितले. एक दोन बोटं सैल होता!

रात्री ९ ला घरी. ट्रॅव्हलर शेवटी-शेवटी बर्मिंगहॅमच्या अ‍ॅडर्ली पार्कला बनत, म्हणजे पोर माहेराजवळ आली म्हणायची. शेजारचे आजोबा सपाता घालून बाहेर आले आणि न विचारता टॉर्च धरून उभे राहिले. ही खाली आली, मागची दोन्ही दारं उघडून आत डोकावली आणि म्हणाली, "आत छत्र्या उगवल्यात." खरंच, काचेच्या खोबणीत शेवाळ आणि दोन इवल्याशा अळंब्या.

आता पुढचा प्रश्न. तो खांब आख्खा बदलायचा, की खालचा सडका तुकडा कापून नवा सांधायचा? पायापासून चार इंच वर लाकूड टणक आहे.

बारा_तेराचा_पाना
अभिनंदन! फोटो टाका, खांब आणि चाकाच्या कमानीची पट्टी जिथे जुळतात तिथला जवळून. पट्टीही गेली असेल तर सांधून भागणार नाही. तोवर काचा थोड्या सरकवून गॅरेजमध्ये वाळू द्या, व्हार्निशला हात लावू नका. आणि ट्रनियनला ग्रीस. उद्याच.

आगाऊ_कार्टं
अळंब्यांची भाजी केली का?

घाटवळण
नाही रे बाबा. फोटो सकाळी उजेडात काढून टाकतो.