मदत हवी आहे : टॉलरन्ससाठी युनिफॉर्म की नॉर्मल वितरण?

नमस्कार. १० किलोओहम, ५ टक्के टॉलरन्सचा (म्हणजे छापील मूल्यापेक्षा तेवढा कमी-जास्त असू शकणारा) रेझिस्टर आणि १० नॅनोफॅरड, १० टक्के टॉलरन्सचा कपॅसिटर असलेल्या लो-पास फिल्टरचे (कमी वारंवारतेचे सिग्नल जाऊ देणाऱ्या सर्किटचे) माँटे कार्लो सिम्युलेशन, म्हणजे यादृच्छिक आकडे घेऊन पुन्हा पुन्हा केलेली गणना, मी पायथॉनमध्ये लिहीत आहे. अपेक्षित कटऑफ (ज्या वारंवारतेपुढे सिग्नल दबत जातो ती) १५९२ हर्ट्झ असून दोन्ही घटक टोकाला गेल्यास तो १३७८ ते १८६१ हर्ट्झच्या दरम्यान राहतो. प्रत्येक फेरीत दोन्ही घटकांसाठी स्वतंत्र यादृच्छिक आकडे घेतो, कारण एकच आकडा दोघांना लावला तर ते एकाच दिशेने सरकतात आणि कटऑफचा फैलाव उगाच वाढतो.

अडचण वेगळीच आहे. युनिफॉर्म वितरणात (मर्यादेतले प्रत्येक मूल्य सारखेच संभाव्य) ५ टक्के मर्यादेचे प्रमाण विचलन २.८९ टक्के येते, तर तीच मर्यादा तीन सिग्मा (प्रमाण विचलनाच्या तिप्पट) मानून नॉर्मल वितरण (मधल्या मूल्याजवळ जास्त गर्दी) घेतल्यास १.६७ टक्केच येते. म्हणजे किती फिल्टर नापास होतील, हे माझ्या गृहीतकावरच ठरते. युनिफॉर्म ही सावध निवड आहे, असे मला वाटते. पण एकाच रिळातले रेझिस्टर अनेकदा एकाच बाजूला झुकलेले असतात, त्याचे काय करावे? प्रत्येक रिळाची सरासरी आधी युनिफॉर्ममधून काढून तिच्याभोवती अरुंद नॉर्मल वितरण घ्यावे का, आणि आकडा मर्यादेबाहेर गेल्यास तो टोकाला आणून ठेवावा की पुन्हा काढावा? ज्यांनी प्रत्यक्ष घटक मोजून अशी पडताळणी केली आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.