प्रोस्टेटच्या लेझर सर्जरीनंतर घरी काय काळजी घ्यावी?

अनघा_के: बाबांचं (वय ७१) प्रोस्टेटचं होलेप (वाढलेला भाग लेझरने आतून कोरून काढायचं ऑपरेशन) गेल्या आठवड्यात झालं. कॅथेटर (लघवीची नळी) निघालाय, धार मोकळी आहे. पण अधूनमधून लघवी गुलाबी होते आणि बाथरूम गाठेपर्यंत कपडे ओले. डायपरचं नाव काढलं की चिडतात. बाहेर एकही टाका नाही, त्यामुळे काल गादी उचलायला निघाले होते! हे किती दिवस चालतं?

जुनं_खोड: टाका नसला तरी आतून वाढलेला भाग कोरून काढलाय, ती जखमच आहे. महिनाभर तरी वजन उचलणं आणि सायकल बंद, पुढचं डॉक्टर सांगतील. मधेच खपली सुटली की परत लाल दिसतं. अशा वेळी आराम करायचा, पाणी वाढवायचं, एवढ्याने बहुतेकदा निवळते. आणि बद्धकोष्ठता! हे कुणी सांगत नाही. शौचाला कुंथलं की रक्त आलंच म्हणून समजा. पोट साफ राहायचं औषध विचारून घ्या.

मीराताई: आमच्या ह्यांनाही गळतीचा फार वैताग आला होता. काही आठवड्यांत कमी होते, काहींना महिनेही लागतात. वायू रोखताना जे स्नायू आवळतो तेच आवळायचे, जरा धरून सोडायचे, पोट-मांड्या सैल. खुर्चीतून उठण्याआधी आणि खोकण्याआधी तर आठवणीने. लघवी मधेच अडवून सराव मात्र नको. पुरुषांसाठी अंतर्वस्त्रात चिकटवायचे छोटे पॅड मिळतात, ह्यांनी ते निमूट वापरले.

स्टेथो: रक्त पातळ करणारी गोळी बंद केली असेल तर ती कधी सुरू करायची हे सर्जनच ठरवतील. लघवी अडली, लघवीतून रक्ताच्या गाठी पडू लागल्या, लघवी दाट लाल झाली किंवा थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा. काढलेल्या भागाचा बायॉप्सी रिपोर्टही मागून घ्या, तो बऱ्याचदा राहून जातो.

अनघा_के: खूप आभार. पण पाणी वाढवलं की रात्रभर उठबस होते त्यांची.

जुनं_खोड: दिवसा भरपूर, संध्याकाळनंतर बेताचं. चहा-कॉफी थोडे दिवस कमीच. आणखी एक, जे बाबा तुम्हाला विचारणार नाहीत: ह्या ऑपरेशननंतर संबंधाच्या वेळी वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं आणि नंतर लघवीतून निघून जातं. अपाय काही नसतो, पण बहुतेकांच्या बाबतीत हे कायमचं असतं. घरातल्या एखाद्या पुरुषमाणसाला त्यांच्या कानावर घालायला सांगा.