शेतातल्या शेडमध्ये डोळे मिटून नाच, अन् दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर चर्चा

पऱ्हाटी:
कोजागिरीला आमच्या गावी (वर्ध्यापासून तासाभरावर) एका शेडमध्ये 'सजग नृत्य' झालं, म्हणजे पाऊल न ठरवता, डोळे मिटून अंगाला येईल तसं नाचणं. नागपूर-पुण्याचे दहा-बारा जण, गावातल्या आम्ही सात बायका. अनवाणी यायचं, मोबाईल बाहेर ठेवायचा, नाचताना बोलायचं नाही. गॅब्रिएल रॉथ या अमेरिकी बाईंनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस बसवलेल्या पाच लयींवर सगळं चाललं होतं: वाहती, तुटक, गोंधळाची, हलकी, मग स्थिर.

गोंधळाच्या लयीत माझी जाऊ हमसून रडायला लागली. दीर गेल्यापासून तिला कोणी रडताना पाहिलं नव्हतं. इथवर ठीक. शेवटी सगळ्यांना गोल बसवून 'काय वाटलं ते मोकळेपणानं सांगा' म्हणाले, तिनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर तेच. शहरातले लोक गाडीत बसून गेले. आम्ही सकाळी एकाच वावरात सोयाबीन सोंगायला. माझं मत: गावात हे गोल बसून सांगणं बंद करा. बाकीचे नियम नंतर.

झाडीपट्टी_७:
नियमच कशाला? आमच्याकडे गडचिरोलीत आदिवासींचा रेला नाच रात्र-रात्र चालतो. पोरं-पोरी हात धरून नाचतात. कोणी पाटी लावत नाही. तुम्ही शहरातून नाच आणला, सोबत भीतीही आणली.

पऱ्हाटी:
भाऊ, रेल्यात पाऊल ठरलेलं, रांग ठरलेली. कोणाचा हात धरला ते अख्ख्या गावाला दिसतं. इथं डोळे मिटलेले, अन् शेजारचा माणूस संध्याकाळी पहिल्यांदा भेटलेला. एकानं मागून खांद्यावर हात ठेवला, तर ओरडावं की नाचाचाच भाग समजावा, हेच कळेना.

झाडीपट्टी_७:
हात ठेवला हे आधी सांगायचं होतं. ते वेगळं.

समुपदेशन_करते:
वेगळं नाही, हाच मुद्दा आहे. अंगाला अंग लावून, वजन एकमेकांवर टाकून नाचण्याचा एक प्रकार आहे, स्टीव्ह पॅक्स्टन या अमेरिकी नर्तकानं १९७२ मध्ये सुरू केलेला. तो चालणार असेल तर दारातच सांगायला हवं. बऱ्याच ठिकाणी छातीशी हात जोडले की 'नको' असा अर्थ घेतात, अन् कारण विचारत नाहीत. आपल्या बायकांना हे जमेल, कारण तोंडानं 'नको' म्हणावं लागत नाही.

रडण्याबद्दलही बोलते. प्रत्येक रडणं म्हणजे मोकळं होणं नव्हे. श्वास अडकलाय, नजर एका जागी खिळलीय, हाक मारली तरी ओ येत नाही, तर ती बाई घाबरलीय. तिला 'आणखी येऊ दे' म्हणू नये. गाणं कमी करावं, डोळे उघडायला सांगावं, पाय जमिनीवर टेकवून आज कोणता वार ते विचारावं, पाणी द्यावं. न विचारता मिठी तर मुळीच मारू नये.

रिटायर्ड_गुरुजी:
काहून इतका बाऊ करता वो? मोझरीले तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीले लाखो माणसं मौन उभी राहतात. कित्येकांचे डोळे भरतात. खंजिरी भजनातही तेच. कोणी ट्रेनिंग घेतलं नाही, कोणी पडलं-झडलं नाही. रडणाऱ्याले रडू द्यावं.

पऱ्हाटी:
गुरुजी, मोझरीहून निघताना तुम्हाला कोणी उभं करून विचारलं का, काय वाटलं म्हणून?

रिटायर्ड_गुरुजी:
नाही बा. कोण विचारीन?

पऱ्हाटी:
तेच तर म्हणते मी.

वेचणीवाली:
पण ताई, जावेचं सगळं तुम्हीच इथं लिहून टाकलं. पानठेल्यावर ऐकणारे दहा असतील, इथं किती? तिला विचारलं होतं का?

झाडीपट्टी_७:
😶

पऱ्हाटी:
नव्हतं विचारलं. चुकलं. आत्ता तिच्या घरी जाते, ती नको म्हणाली तर धागा काढते.

पऱ्हाटी (रात्री):
विचारलं. चुलीवर भाकर होती, परतून झाल्यावरच बोलली. म्हणे, राहू दे. पण एवढं लिही, की नाचताना बरं वाटलं होतं, मले पुन्हा यायचं हाये. फक्त त्या गोलात नाही बसणार.