घंटी वाजते, आवाज नाही? आधी राउटर बघा

साधा फोन इंटरनेटवरून चालवणारा अडॅप्टर लावलाय, सेवेत त्याची नोंदणी होते, घंटीही वाजते, पण समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. अडॅप्टर परत द्यायची घाई नको. कॉल जोडण्याचं काम सिप (SIP) नावाची पद्धत करते, बहुधा ५०६० पोर्टवरून, म्हणजे त्या क्रमांकाच्या वाटेने. आवाज मात्र आरटीपी (RTP) या दुसऱ्या पद्धतीने वेगळ्या पोर्टांवरून येतो आणि राउटरपाशी अडकतो. राउटरच्या सेटिंग्जमधली 'सिप एएलजी' (SIP ALG) ही सिप कॉलना मदत करण्यासाठी दिलेली सोय बंद करा. नाव मदतीचं असलं तरी हेच बऱ्याचदा घोळ घालतं. सांगलीत केबलवाल्याचं फायबर असेल आणि त्याच्या डब्यामागे तुमचं स्वतःचं राउटर असेल, तर दोनदा नॅट (NAT), म्हणजे पत्त्यांची अदलाबदल, होतं. त्याचा डबा ब्रिज मोडवर टाकून घ्या, म्हणजे ते काम फक्त तुमचं राउटर करेल.

अडॅप्टर ग्रँडस्ट्रीमचं एचटी८०१ असेल तर रिसीव्हर उचलून तीनदा स्टार आणि मग ०२ दाबा, रेकॉर्ड केलेल्या आवाजातली बाई अडॅप्टरचा आयपी पत्ता वाचून दाखवते. अडॅप्टरच्या सेटिंग्ज उघडायला तोच ब्राउझरमध्ये टाकायचा.

विश्रामबागच्या जुन्या बंगल्यातली भिंतीतली फोनची वायर अडॅप्टरला जोडून वापरणार असाल, तर बाहेरून येणारी लँडलाइनची जोडी आधी सोडवा. तिच्यावर ४८ व्होल्ट असतात, अडॅप्टरचं पोर्ट उडू शकतं. आणि लाइट गेली की फोनही गेला, तेव्हा अडॅप्टर, राउटर, फायबरचा डबा, सगळं यूपीएसवर घ्या.