आकृतिबंधात पद कमी झाले, तर अतिरिक्त कोण ठरते? पगार आणि शनिवारचे काय?

प्रश्न: कारकून_तालुका

महाराष्ट्र शासनाच्या एका विभागाची दोन जिल्हा कार्यालये एकत्र होत आहेत. सुधारित आकृतिबंध (कार्यालयातील मंजूर पदांचा आराखडा) मंजूर झाला असून लिपिक-टंकलेखकांची मंजूर पदे १४ वरून ९ वर आली आहेत. सध्या कार्यरत ११ जण. आस्थापनेने सगळ्यांकडून एक 'संमतिपत्र व पसंतीक्रम' मागवला आहे, मुदत आठ दिवस. त्यात 'माझ्या विनंतीनुसार अन्य कार्यालयात सामावून घेण्यास हरकत नाही' असे छापील वाक्य आहे.

शंका अशा: अतिरिक्त (मंजूर पदांपेक्षा जादा) कोण ठरणार? मूळ वेतन कमी होऊ शकते का (वेतनस्तर एस-६, सध्या २७,६००)? पदोन्नती जवळ आली आहे, ती अडकेल का? आणि आता पाच दिवसांचा आठवडा आहे, नव्या ठिकाणी शनिवार भरावा लागेल का?

---

उत्तर १: आस्थापना_दोन

आधी ते छापील वाक्य खोडा. बाकीचे नंतर.

'विनंतीनुसार' हा एक शब्द तीन ठिकाणी नडतो. बदली प्रशासकीय कारणास्तव असेल तर पदग्रहण अवधी (नव्या जागी रुजू होण्यासाठीचे दिवस) आणि बदली प्रवासभत्ता मिळतो, विनंतीवरून असेल तर दोन्ही गेले. तिसरी आणि सर्वांत महागाची गोष्ट म्हणजे ज्येष्ठता. स्वतःच्या विनंतीने दुसऱ्या संवर्गात (एका ज्येष्ठता यादीतल्या पदांच्या गटात) गेलेला माणूस तिथल्या यादीत तळाला जाऊन बसतो. संमती जरूर द्या, पण वाक्य असे लिहा: 'सुधारित आकृतिबंधामुळे पद अतिरिक्त ठरल्यास, वेतन व सेवाज्येष्ठता अबाधित ठेवून, प्रशासकीय कारणास्तव समायोजन झाल्यास हरकत नाही.' पसंतीक्रम वेगळ्या कागदावर द्या. दोन्हींची आवक क्रमांकासह पोच घ्या. पोच नसलेला अर्ज सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही.

आता अतिरिक्त कोण? १४ वजा ९ म्हणजे पाच, असा हिशेब करून बरेच जण उगाच घाबरतात. आधी रिक्त पदे निरसित (रद्द) होतात. तीन रिक्त आहेत, म्हणजे प्रत्यक्षात माणसे दोनच अतिरिक्त. तेही तुमच्या कार्यालयातले दोन असतीलच असे नाही. कनिष्ठतम कोण हे संवर्गाच्या ज्येष्ठता यादीवर ठरते आणि संवर्ग नियुक्ती प्राधिकाऱ्यानुसार असतो. यादी विभागीय पातळीवर असेल, तर शेजारच्या जिल्ह्यातला कनिष्ठ अतिरिक्त ठरेल आणि त्याच्या जागी तुम्हाला पाठवतील. नोकरीला धक्का नाही, पण बिऱ्हाड हलते.

म्हणून १ जानेवारीची ताजी ज्येष्ठता यादी 'तात्पुरती' आहे की 'अंतिम' ते पाहा. तात्पुरती असेल तर नियुक्ती दिनांक, परीक्षा उत्तीर्ण झाल्याचा दिनांक आणि आरक्षण प्रवर्ग या तीन रकान्यांत चूक असल्यास मुदतीत लेखी हरकत द्या. यादी अंतिम झाल्यावर हरकत घेणारे आम्ही फार पाहतो, उपयोग शून्य.

मंजुरीच्या शासन निर्णयाला जोडलेले विवरणपत्रही वाचा. पदासमोर 'मृत संवर्ग' किंवा 'पदधारक निवृत्त झाल्यावर निरसित' असा शेरा असेल, तर तुमचे पद तुमच्या निवृत्तीपर्यंत राहते. त्या पदावर नवी भरती होत नाही, एवढेच. शिपाई आणि वाहनचालकांच्या पदांना हा शेरा अनेकदा दिसतो.

---

उत्तर २: लेखा_निवृत्त

पगाराचे सांगतो. एस-६ (१९,९००–६३,२००) मधून एस-६ मध्येच समायोजन झाले तर प्रश्नच नाही. २७,६०० तसेच राहतात आणि वेतनवाढीचा दिनांकही बदलत नाही.

अडचण खालच्या स्तराचे पद दिले तर होते. समजा एस-५ (१८,०००–५६,९००) मिळाले. त्या रकान्यात २७,२०० आणि त्यानंतर थेट २८,००० आहे, २७,६०० हा टप्पाच नाही. अशा वेळी २७,२०० अधिक ४०० वैयक्तिक वेतन (फरक भरून काढणारी वेगळी रक्कम) देऊन संरक्षण करता येते. मात्र ते आपोआप मिळेल असे धरू नका. समायोजनाच्या आदेशात 'वेतन संरक्षित' हे शब्द आणि वैयक्तिक वेतन पुढील वेतनवाढींत सामावणार की नाही, हे स्पष्ट हवे. आदेशात नसेल तर वेतन पडताळणी पथक नंतर आक्षेप काढते आणि वसुली निघते.

वसुलीबद्दल थोडे, कारण यावर अर्धवट माहिती फिरत असते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या रफिक मसीह निकालाने गट-क आणि गट-ड कर्मचाऱ्यांकडून, निवृत्तांकडून किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून, तसेच पाच वर्षांहून जास्त काळ चुकून दिलेल्या जादा रकमेची वसुली अनुज्ञेय नाही असे सांगितले. पण २०१६ च्या जगदेव सिंग निकालात, जादा रक्कम परत करण्याचे वचनपत्र दिले असेल तर वसुली वैध ठरली. सातव्या वेतन आयोगाच्या वेतननिश्चितीच्या वेळी बहुतेकांनी वचनपत्रावर सही केलेली आहे. सेवापुस्तकात पाहा. तेव्हा 'गट-क आहे, वसुली होतच नाही' या भरवशावर चुकीची वेतननिश्चिती गोड मानून घेऊ नका.

पदोन्नतीचा हिशेबही करून ठेवा. एस-६ मध्ये २७,६०० असताना एस-८ (२५,५००–८१,१००) मध्ये पदोन्नती झाली, तर आधी एक वेतनवाढ धरून २८,४००, मग एस-८ मधला समान किंवा लगतचा वरचा टप्पा, म्हणजे २८,७००. समजा पदोन्नती मार्चमध्ये आणि तुमची वेतनवाढ १ जुलैची. लगेच निश्चिती घेतली तर २८,७०० वर पुढची वाढ १ जानेवारीला, कारण १ जुलैपर्यंत सहा महिने भरत नाहीत. वेतनवाढीच्या दिनांकापासून निश्चितीचा विकल्प दिला तर जूनअखेर २७,९०० (एस-८ मधला २७,६०० च्या लगतचा वरचा टप्पा) आणि १ जुलैला एक वार्षिक व एक पदोन्नतीची अशा दोन वाढी धरून २७,६०० → २८,४०० → २९,३००, म्हणून एस-८ मध्ये २९,६००. चार महिने दरमहा ८०० रुपयांचा तोटा सोसून पुढचे सहा महिने दरमहा ९०० चा फायदा, वर महागाई भत्ता त्या पटीत. विकल्पाची मुदत पदोन्नती आदेशातच असते. ती चुकवणाऱ्यांची संख्या पाहिली की हळहळ वाटते.

---

उत्तर ३: सेवार्थ_मदतनीस

नियम ठीक, पण विलीनीकरणात पगार थांबतो तो सेवार्थ या शासनाच्या ऑनलाइन वेतन प्रणालीमुळे. नव्या कार्यालयाच्या आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे (पगाराची देयके काढणारा अधिकारी) तुमचे पद प्रणालीत तयार झालेले नसेल तर जुन्याने कार्यमुक्त केले तरी नवा तुम्हाला जोडून घेऊ शकत नाही. लेखाशीर्ष (खर्च ज्यावर टाकतात ते अर्थसंकल्पातले शीर्ष) बदलले आणि त्यावर तरतूद नसेल तर देयक कोषागारात अडकते. पदे अस्थायी असतील तर मुदतवाढीचा शासन निर्णय चालू आहे का तेही पाहा. तो संपला की कोषागार देयक परत करते, मग माणूस कितीही जुना असो.

कार्यमुक्त होताना अंतिम वेतन प्रमाणपत्र हातात घेऊनच निघा. त्यात अग्रिमाचे शिल्लक हप्ते, पतसंस्थेची कपात, गट विमा आणि भविष्य निर्वाह निधी किंवा एनपीएस (राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना) कपात तपासा. एनपीएसवाल्यांनी प्रान (एनपीएसचा कायम खाते क्रमांक) नव्या आहरण अधिकाऱ्याखाली गेला का हे पहिल्या दोन महिन्यांत पाहावे, नाहीतर कपात होते आणि खात्यात जमा दिसत नाही. बँकेचा गृहकर्जाचा हप्ता खात्यातून आपोआप जातो. पगार एक-दोन महिने लांबेल असे धरून दोन हप्त्यांची रक्कम खात्यात ठेवा.

घरभाडे भत्ता शहराच्या वर्गावर असतो. पुण्यातून तालुक्याला गेलात तर मूळ वेतन तेच राहूनही हातात येणारी रक्कम घटते. वेतन संरक्षणात भत्ते येत नाहीत.

---

उत्तर ४: शनिवार_कक्ष

पाच दिवसांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासून लागू आहे. वेळ सकाळी ९.४५ ते सायंकाळी ६.१५, शिपायांसाठी ९.३० ते ६.३०. जेवणाची सुट्टी दुपारी १ ते २ दरम्यान, पण कमाल अर्धा तास. सुट्ट्या वाढल्या, काम घटले नाही: आधी वर्षाला सरासरी २८८ दिवस रोज सव्वासात तास म्हणजे २,०८८ तास, आता २६४ दिवस आठ तासांनी २,११२. चोवीस तास वाढलेच.

अत्यावश्यक सेवा, शासकीय रुग्णालये, पोलीस, तुरुंग, अग्निशमन, पाणीपुरवठा, शाळा-महाविद्यालये यांना ते लागू नाही. त्यामुळे तुमचे समायोजन कुठल्या कार्यालयात होते त्यावर शनिवार ठरेल. लागू नसलेल्या कार्यालयात दुसरा व चौथा शनिवार सुट्टीचा, बाकीचे भरायचे. 'आधी पाच दिवसांचा होता' म्हणून हक्क सांगता येत नाही, वेळापत्रक कार्यालयाला लागू असते, माणसाला नाही. पसंतीक्रम भरताना हे डोक्यात ठेवा.

---

कारकून_तालुका: आभार. दूरचे ठिकाण मिळाले आणि पदोन्नती नाकारली तर?

आस्थापना_दोन: विचार करून नाकारा. १०, २० आणि ३० वर्षांच्या आश्वासित प्रगती योजनेचा (पदोन्नती न मिळाल्यास वरचा वेतनस्तर देणारी योजना) लाभ नियमित पदोन्नती नाकारणाऱ्याला मिळत नाही. घराजवळ राहण्याच्या बदल्यात तो सोडावा लागतो.

आदेशच चुकीचा निघाला, म्हणजे कनिष्ठाला ठेवून ज्येष्ठाला अतिरिक्त केले, तर आधी नियुक्ती प्राधिकाऱ्याकडे लेखी निवेदन. नंतर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण. आदेशापासून एक वर्षाची मुदत आहे. निवेदनाला उत्तर आले नाही तर सहा महिने वाट पाहून पुढचे एक वर्ष. पण स्थगिती हवी असेल तर कार्यमुक्त होण्याआधी जा. नव्या जागी रुजू झाल्यावर स्थगिती कशाला द्यायची, हा पहिला प्रश्न तिथे येतो.

लेखा_निवृत्त: निवेदनाला अंतिम ज्येष्ठता यादीची प्रत आणि विवरणपत्राचे ते पान जोडा, आणि दोन्हींवर तुमचा व त्या कनिष्ठाचा अनुक्रमांक पेनाने गोल करून ठेवा.