कर्जाचा ठराव ‘नेहमीचा विषय’ कसा? ऑरेंज काउंटीतल्या एकगठ्ठा मंजुरीवर चर्चा

अनघा_आयर्वाइन

आपल्यातले बरेच जण कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं), आयर्वाइन, टस्टिन, लेक फॉरेस्टला घरं घेऊन स्थिरावलेत. 10 डिसेंबर आणि 10 एप्रिल या तारखा चुकवायच्या नाहीत, मालमत्ता कराचा हप्ता काउंटीकडे भरायचा, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. शाळेच्या बोर्डाच्या बैठकीलाही आपण जातो. पण तो कर जिच्या तिजोरीत जमा होतो, त्या काउंटीचं मंडळ सांता आनामध्ये मंगळवारी बसतं तेव्हा काय मंजूर करतं, हे फारसं कुणी बघत नाही.

मंडळात पाच निवडून आलेले पर्यवेक्षक आहेत. त्यांच्या विषयपत्रिकेत ‘कन्सेंट कॅलेंडर’ नावाचा भाग असतो. त्यातल्या विषयांवर चर्चा होत नाही. एक सूचक, एक अनुमोदक आणि सगळ्यांवर मिळून एकच मतदान. नाल्याची दुरुस्ती, किरकोळ कराराला मुदतवाढ, इतिवृत्त कायम करणं अशा विषयांसाठी ही सोय आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझी तक्रार याच वाटेने जाणाऱ्या मोठ्या पैशांबद्दल आहे. कर्ज उभारणं, पुढच्या मंडळालाही बांधून ठेवणारे करार आणि एखाद्या सदस्याला एकट्याने पैसे वाटायचा अधिकार देणारे ठराव या यादीत कधीही नसावेत, असा नियमच व्हायला हवा. असे विषय वेगळे पुकारले जावेत आणि प्रत्येक सदस्याचं मत नावानिशी नोंदवलं जावं.

हे ऑरेंज काउंटीबद्दलच का म्हणते? कारण 6 डिसेंबर 1994 ला हीच काउंटी दिवाळखोरीत गेली होती. देशातल्या सर्वांत श्रीमंत काउंट्यांपैकी एक! खजिनदार रॉबर्ट सिट्रन यांच्याकडे काउंटीचे, शहरांचे, शाळांचे, पाणी मंडळांचे मिळून साडेसात अब्ज डॉलर होते. त्यांनी रोखे गहाण ठेवून कर्ज काढलं, त्यातून आणखी रोखे घेतले आणि गुंतवणूक 20 अब्जांच्या वर नेली. व्याजदर खाली राहतील यावर हा सगळा डोलारा उभा होता. फेडने (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने) फेब्रुवारी 1994 पासून दर 3 टक्क्यांवरून नोव्हेंबरपर्यंत साडेपाचवर नेले आणि सुमारे 1.64 अब्ज डॉलर बुडाले.

हिशेबनीस

अनघाताई, कळकळ समजते, पण रोगाचं निदान पटत नाही. मी इथल्या एका शहराच्या वित्त विभागात नोकरी करतो (ऑरेंज काउंटीत नाही), म्हणून आतली बाजू सांगतो.

कन्सेंट कॅलेंडरवर असणं म्हणजे लपवणं नव्हे. ब्राउन कायद्याप्रमाणे (कॅलिफोर्नियाचा खुल्या सभांचा कायदा) नियमित सभेची विषयपत्रिका 72 तास आधी जाहीर करावी लागते. प्रत्येक विषयाला टिपण जोडलेलं असतं: रक्कम किती, कुठल्या निधीतून, आधीचा करार कधीचा. कुठल्याही सदस्याने नुसतं सांगितलं की तो विषय यादीतून बाहेर काढून वेगळा घेतला जातो. नागरिकालाही मतदानाआधी बोलता येतं. आणखी काय उघड करायचं?

आता दुसरी बाजू बघा. मंडळाने 50 विषय एकेक करून घेतले तर खरंच वादाचा असलेला विषय, समजा बेघरांच्या निवाऱ्याची जागा, संध्याकाळी साडेसहाला येईल. तोवर सुट्टी काढून आलेली माणसं घरी गेलेली असतील. वेळ हाही सार्वजनिक पैसाच आहे. खात्यांचे प्रमुख, वकील, लेखापाल दिवसभर बाकावर बसून राहतात, त्यांचा पगार त्याच तिजोरीतून जातो.

आणि सिट्रन प्रकरणाचा या यादीशी संबंध काय? ते स्वतंत्रपणे निवडून आलेले खजिनदार होते. पर्यवेक्षकांचे नोकर नव्हते. नुकसान झालं ते गुंतवणुकीत.

अनघा_आयर्वाइन

हिशेबनीस, संबंध थेट आहे. अमेरिकेच्या रोखे आयोगाने (एसईसी) जानेवारी 1996 मध्ये पर्यवेक्षकांच्या वागणुकीवर स्वतंत्र अहवाल काढला होता. सिट्रन यांच्यावरचा नव्हे, मंडळावरचा. काउंटीच्या कर्जरोख्यांचे ठराव बिनवादाच्या विषयांत टाकले जात आणि चर्चेविना मंजूर होत, हे त्यात नमूद आहे. 1994 च्या उन्हाळ्यात काउंटीने 60 कोटी डॉलरचं कर्ज काढलं ते कशासाठी? त्याच निधीत गुंतवून वरचं व्याज कमवायला. म्हणजे सरकार उसने पैसे घेऊन व्याजदरावर डाव लावत होतं आणि लोकप्रतिनिधींच्या लेखी तो नेहमीचा विषय होता.

त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात मंडळाला स्वतःच्या मर्जीने खर्च करता येईल अशा रकमेपैकी सुमारे एक तृतीयांश भाग या व्याजातून येणार होता. इतकं व्याज बाकीच्या काउंट्यांना मिळत नाही, मग आपल्यालाच कसं मिळतं, हा प्रश्न पाचांपैकी एकाने जरी भर सभेत विचारला असता! विषय वेगळा पुकारला असता तर निदान अधिकाऱ्याला उभं राहून दोन वाक्यं बोलावी लागली असती. दिवाळखोरी टळली असती असा माझा दावा नाही. विचारायची जागाच नाहीशी झाली होती, याबद्दल मी बोलतेय.

मिलिंद_प्लेनो

टेक्सासमधून लिहितोय. आमच्याकडे काउंटीच्या मंडळाला ‘कमिशनर्स कोर्ट’ म्हणतात. एक काउंटी जज आणि चार कमिशनर. कोर्ट म्हटलं तरी काम मुख्यतः रस्ते, तुरुंग, अंदाजपत्रक आणि कराचा दर. एकगठ्ठा मंजुरी आमच्याकडेही असते आणि मला त्यात वावगं वाटत नाही, कारण खरा पहारा दुसरीकडे आहे.

टेक्सासमध्ये काउंटी ऑडिटरची नेमणूक कमिशनर करत नाहीत, जिल्हा न्यायाधीश करतात. बिल आधी ऑडिटरकडून तपासून मंजूर व्हावं लागतं, मगच ते कोर्टापुढे येतं. पैसे खर्च करणाऱ्यांच्या हातात हिशेब तपासणाऱ्याची नोकरी नाही. अनघाताईंनी ही मागणी लावून धरली तर मी पहिली सही करीन. सभेत विषय मोठ्याने वाचल्याने चोर सापडत नाही, कागद तपासणाऱ्याला कुणाची भीती नसेल तर सापडतो.

अनघा_आयर्वाइन

मिलिंद, ऑडिटर-कंट्रोलर ऑरेंज काउंटीतही होते, निवडून आलेले, म्हणजे पर्यवेक्षकांपासून स्वतंत्रच. तरी घडायचं ते घडलं. तुमची पद्धत चांगली आहे, पण ऑडिटर बिल नियमात बसतं का ते बघतो. 60 कोटींचं कर्ज शहाणपणाचं आहे का, हे ठरवणं त्याचं काम नाही. त्यासाठीच तर पाच माणसं निवडून दिलीत.

शुभदा पुणे

महानगरपालिकेच्या नगरसचिव कार्यालयात माझी बरीच नोकरी झाली, म्हणून बोलते. आपल्याकडे विषयपत्रिकेवरच्या विषयांपेक्षा ‘ऐनवेळचे विषय’ जास्त महत्त्वाचे असतात, हे तिथल्या शिपायालाही माहीत असतं. सभा संपत आली, अर्धे सभासद उठून गेले की अध्यक्षांच्या परवानगीने चार-पाच विषय येतात आणि गोषवारा न वाचता मंजूर होतात. ते कागद मी फाइलला लावलेत. त्या मानाने तुमची यादी तीन दिवस आधी लोकांसमोर असते, ही मोठी गोष्ट आहे. ती हलक्यात घेऊ नका.

पण एका बाबतीत मी अनघाच्या बाजूने आहे. पुणे महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि नंतर कित्येक वर्षं प्रशासकच स्थायी समितीच्या जागी होते. ठराव नियमाने होत होते, कागद चोख होते. पण ‘हे कशाला?’ असं विचारणारं समोर कुणी नव्हतं. तुमच्याकडे माणसं आहेत आणि ती विचारत नाहीत. मला तर दोन्हीत फरक दिसत नाही.

रघुनाथ_टस्टिन

मी 1994 ला इथेच होतो. सगळं मंडळावर ढकलणं मला मान्य नाही.

त्या वर्षी जूनमध्ये खजिनदारपदाची निवडणूक झाली. जॉन मूरलाक नावाचे सनदी लेखापाल सिट्रन यांच्याविरुद्ध उभे होते आणि त्यांचा प्रचारच मुळी हा होता की ही गुंतवणूक धोकादायक आहे, व्याजदर वाढले की कोसळेल. पत्रं लिहिली, वर्तमानपत्रांत आलं. यापेक्षा वेगळं पुकारायचं म्हणजे काय? आणि लोकांनी काय केलं? सिट्रन यांनाच पुन्हा निवडून दिलं. कारण व्याज चांगलं येत होतं आणि कर वाढत नव्हता. काही शाळा-जिल्ह्यांनी तर कर्ज काढून त्या निधीत पैसे टाकले होते.

पुढच्या वर्षी भोक बुजवायला अर्धा सेंट विक्रीकर वाढवायचा प्रस्ताव मतदानाला आला, तोही लोकांनी जून 1995 मध्ये फेटाळला. मग नोकऱ्या गेल्या, गरिबांच्या सेवा कापल्या, बससेवेच्या वाट्याचा पैसा कर्जफेडीकडे वळवला. ज्यांनी बसने कामावर जायचं त्यांनी किंमत मोजली. त्यांना कन्सेंट कॅलेंडर म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं.

म्हणून म्हणतो, सभेचे नियम बदलून माणसांची वृत्ती बदलत नाही. माहिती समोर होती, लोकांना ती नको होती.

हिशेबनीस

रघुनाथराव बोलले ते खरं आहे, आणि म्हणूनच कायद्याने घातलेल्या मर्यादा जास्त उपयोगी पडतात. 1995 नंतर कॅलिफोर्नियाने नियम कडक केले. खजिनदाराच्या गुंतवणुकीचे तिमाही अहवाल आले, देखरेख समित्या आल्या. रोखे गहाण ठेवून कर्ज काढण्यावर 20 टक्क्यांची मर्यादा आहे. ती कुणाच्या जागरूकतेवर अवलंबून नाही. मंडळ झोपलं, मतदार झोपले, तरी ती लागू राहते.

अनघा_आयर्वाइन

मर्यादा हव्यातच. पण कायदा मागच्या संकटाचं दार बंद करतो, पुढचं दुसऱ्या दाराने येतं. याच मंडळातले माजी पर्यवेक्षक अँड्र्यू डो यांचं प्रकरण घ्या. कोविडच्या मदतनिधीतून त्यांनी व्हिएत अमेरिका सोसायटी या संस्थेकडे 1 कोटी डॉलरहून जास्त रक्कम वळवली. काही पैसा मंडळात मतदान होऊन गेला, काही पर्यवेक्षकाच्या स्वतःच्या अखत्यारीत. गरजू ज्येष्ठांना जेवण द्यायचं होतं. त्या कामासाठी आलेल्या पैशातले सुमारे 15 टक्केच जेवणावर खर्च झाले. साडेपाच लाख डॉलरहून जास्त लाच डो आणि त्यांच्या कुटुंबाकडे पोचली. ऑक्टोबर 2024 मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला, जून 2025 मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली.

हे बाहेर आणलं एलएइस्ट या वृत्तसंस्थेने, 2023 च्या अखेरीपासून कागद मागून मागून. प्रत्येक सदस्याने आपापल्या मतदारसंघात पैसे वाटावेत ही व्यवस्था बाकीच्या चौघांनाही सोयीची होती. तू माझं विचारू नकोस, मी तुझं विचारत नाही. एकगठ्ठा मतदानात नेमकी हीच सवय लागते.

हिशेबनीस

उलट हे प्रकरण माझ्या बाजूने बोलतं. जो पैसा खुल्या सभेत आलाच नाही, तो कन्सेंट यादीत होता की वेगळा पुकारला, या प्रश्नाला अर्थ राहत नाही. आधी सगळा पैसा यादीत येऊ द्या. कुणाही सदस्याला एकट्याने अनुदान देण्याचा अधिकार नको, या तुमच्या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. कर्जाचंही मान्य: नवं कर्ज वेगळं पुकारावं, त्याला फार तर दहा मिनिटं लागतील.

पुढच्या मंडळाला बांधणाऱ्या करारांचं आणि त्यांच्या मुदतवाढीचं मात्र मान्य नाही. काउंटीच्या आरोग्य आणि समाजसेवा खात्यांचे बहुतेक करार अनेक वर्षांचे असतात. तुमच्या नियमाने ते सगळे यादीबाहेर येतील आणि आठवडाभर पुढे ढकलले गेले तर व्यसनमुक्ती केंद्राचा पगार थांबेल.

शुभदा पुणे

मुदतवाढीतच सगळ्यात जास्त मुरतं हो! मूळ करार निविदेने झालेला असतो, सगळ्यांचं लक्ष असतं. तिसऱ्या मुदतवाढीला कुणी वळूनही बघत नाही आणि रक्कम मूळच्या दुप्पट झालेली असते. सरसकट नको म्हणता ना, मग मूळ रकमेच्या वर किती टक्के गेलं की विषय बाहेर काढायचा, तेवढं ठरवा.

हिशेबनीस

ही गोष्ट करण्यासारखी आहे, शुभदाताई. 25 टक्के म्हणा. मूळ रक्कम, आजवरच्या वाढी आणि आजची मागणी टिपणाच्या पहिल्या पानावर एका ओळीत आली तर माझ्यासारख्या कर्मचाऱ्यालाही ते सोपं जाईल. आज ती बेरीज वाचणाऱ्यालाच चार जुने ठराव शोधून करावी लागते.

रघुनाथ_टस्टिन

आणि ती ओळ वाचणार कोण?

अनघा_आयर्वाइन

रघुनाथकाका, मी वाचीन. विषयपत्रिका आठवड्याच्या शेवटी येते, सभा मंगळवारी. आयर्वाइन आणि टस्टिनमधले आपण चार जण झालो तर विषय वाटून घेता येतील: एकाने आरोग्य, एकाने शेरीफ (काउंटीचे पोलीस), एकाने सार्वजनिक बांधकाम, एकाने वित्त. 25 टक्क्यांची आणि कर्जाची मागणी लेखी करून पाचही पर्यवेक्षकांच्या कार्यालयांना पाठवते, मसुदा इथेच टाकते. हिशेबनीस, पाठवण्याआधी तुम्ही त्यातली वित्ताची भाषा तपासून द्याल का?

हिशेबनीस

देतो. मुदतवाढीच्या कलमात ‘आणीबाणीचे करार वगळून’ एवढं घाला, मग माझी हरकत नाही.